दक्षिणेचा इतिहास कोणी लिहिला? : चॅपेल हिलच्या ग्रंथांची साक्ष

(एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिका हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या उंच इमारती आणि वॉशिंग्टनचे राजभवन उभे राहते. परंतु कोणताही देश केवळ त्याच्या मोठ्या शहरांत राहत नसतो. अमेरिकेचा दक्षिण भाग हा उत्तर भागाहून इतका निराळा आहे की, त्या भागाचा इतिहास ठाऊक नसलेल्या माणसाला अमेरिका कळली असे म्हणता येणार नाही. कापूस आणि तंबाखू पिकविणारा हा प्रदेश. तेथील संपत्ती ज्यांच्या श्रमातून निर्माण झाली ते आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचे वंशज होते. ते 1865 पर्यंत कायद्याने गुलाम होते. गुलामगिरी गेल्यानंतरही त्यांना शाळेत, आगगाडीत, उपाहारगृहात आणि इस्पितळात वेगळे बसविण्याची व्यवस्था कायद्यानेच उभारली गेली. या लोकांचा इतिहास कोणी लिहिला, कोणी छापला, आणि लिहिणाऱ्याला कोणत्या दारातून आत यावे लागले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी एकाच प्रकाशन संस्थेचे ग्रंथ निवडले आहेत. नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपेल हिल नावाचे गाव आहे. तेथे राज्याचे विद्यापीठ आहे. 1922 साली या विद्यापीठाच्या आश्रयाने ग्रंथप्रकाशनाची संस्था निघाली. तिचे नाव युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना प्रेस. दक्षिणेत अशा प्रकारची संस्था प्रथमच निघत होती. विद्यापीठाचे ग्रंथपाल लुई राउंड विल्सन हे तिचे पहिले संचालक. आपल्या प्रदेशाचा अभ्यास आपणच करावा आणि तो आपणच छापावा, ही त्या संस्थेची भूमिका होती. भूमिका चांगली होती यात शंका नाही. परंतु ‘आपण’ या शब्दात कोणाचा समावेश होत होता, हे पाहिल्याशिवाय त्या भूमिकेचे मोल ठरविता येत नाही.

ज्या विद्यापीठाने ही संस्था काढली, त्या विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता. पॉली मरे या विदुषीने 1938 साली तेथे पुढील शिक्षणासाठी अर्ज केला असता केवळ वर्णाच्या कारणावरून तो नाकारण्यात आला. न्यायालयाच्या आज्ञेमुळे 1951 साली कायदा महाविद्यालयाचे दार उघडले, आणि पदवीपूर्व वर्गात पहिले तीन कृष्णवर्णीय विद्यार्थी बसले ते 1955 साली. म्हणजे संस्थेच्या पहिल्या तीस वर्षांत तिने कृष्णवर्णीयांविषयी ग्रंथ छापले, क्वचित कृष्णवर्णीयांनी लिहिलेलेही ग्रंथ छापले; परंतु त्या ग्रंथांच्या लेखकाला शेजारच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसता येत नव्हते. ही विसंगती ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ.

त्याच गावाने शंभर वर्षांपूर्वी एक वेगळाच कवी पाहिला होता. जॉर्ज मोझेस हॉर्टन हा चॅटम परगण्यातील एका शेतमालकाचा गुलाम. जुन्या अंकलिपीवरून आणि स्तोत्रांच्या पुस्तकावरून तो स्वतःच वाचावयास शिकला. लिहिणे त्याला येत नव्हते. तो कित्येक मैल चालत चॅपेल हिलला येई, बाजारात फळे विकी, आणि विद्यापीठातील गोऱ्या तरुणांसाठी कविता रची. तो तोंडाने सांगे आणि विद्यार्थी लिहून घेत. त्या तरुणांना आपल्या प्रेयसींना पाठविण्यासाठी कविता हव्या असत. पंचवीस सेंटांपासून पंचाहत्तर सेंटांपर्यंत त्याला एका कवितेचे मिळत. पुढे एका प्राध्यापकाच्या पत्नीच्या साहाय्याने त्याचा संग्रह ‘द होप ऑफ लिबर्टी’ म्हणजे ‘स्वातंत्र्याची आशा’ 1829 साली रॅली या राजधानीच्या शहरी छापला गेला. संग्रहाच्या विक्रीतून येणाऱ्या पैशाने स्वतःला विकत घ्यावे आणि मुक्त व्हावे, हा त्याचा हेतू होता. तितका पैसा जमला नाही. त्याची सुटका 1865 साली, उत्तरेचे सैन्य आल्यावर झाली. त्याच्या कवितांचा साक्षेपाने संपादित केलेला संग्रह चॅपेल हिलच्या याच प्रकाशन संस्थेने 1997 साली काढला. ज्या गावात तो पायी येऊन कविता विकत असे, त्या गावातून त्याचा ग्रंथ विद्वानांच्या हाती जावयास एकशे अडुसष्ट वर्षे लागली.

हॉर्टनचा संग्रह निघाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, 1830 साली, नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने कायदा केला की, गुलामास वाचावयास अथवा लिहावयास शिकविणे हा गुन्हा होय. अंक शिकविण्याची तेवढी मोकळीक होती, कारण मोजमाप करणारा गुलाम मालकाच्या उपयोगाचा असतो. शिकविणारा गोरा असेल तर दंड अथवा कैद. मुक्त कृष्णवर्णीय असेल तर दंड, कैद अथवा फटके. गुलाम असेल तर एकोणचाळीस फटके. अक्षराला इतके भिण्याचे कारण काय? विलमिंग्टन येथे जन्मलेल्या डेव्हिड वॉकर या मुक्त कृष्णवर्णीयाने 1829 साली बोस्टन शहरातून एक पत्रक प्रसिद्ध केले होते आणि आपल्या बांधवांना दास्याविरुद्ध उठण्याचे आवाहन केले होते. ते पत्रक दक्षिणेच्या बंदरांतून गुपचूप पोहोचू लागले, आणि मालकवर्गाला कळून चुकले की वाचणारा गुलाम हा अर्धा गुलाम उरत नाही. शिक्षणबंदी ही अज्ञानातून आलेली चूक नव्हती. ती समजून उमजून केलेली तटबंदी होती.

आता आपण विसाव्या शतकातील ग्रंथांकडे वळू.

प्रथम जे ग्रंथ निघाले ते गोऱ्या विद्वानांचे होते. हॉवर्ड ओडम हे चॅपेल हिलमधील समाजशास्त्राचे प्रमुख अध्यापक. त्यांनी 1910 साली कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेतली होती. त्याच विद्यापीठात तीन वर्षांनी, 1913 साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून दाखल झाले. ओडम यांच्या त्या प्रबंधात कृष्णवर्णीय समाजाविषयी जी मते होती ती त्या काळच्या वर्णगर्वाने भरलेली होती. पुढे त्यांची मते पालटली. त्यांनी कृष्णवर्णीय मजुरांची गाणी गोळा केली, 1936 साली ‘सदर्न रीजन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ हा प्रचंड ग्रंथ लिहून दक्षिणेची जमीन, शेती, आरोग्य, शिक्षण व उत्पन्न यांचा हिशेब मांडला, आणि हा प्रदेश दरिद्री का राहिला याचा शोध घेतला. विद्वानाची मते अभ्यासाने पालटू शकतात, हे ओडम यांचे उदाहरण सांगते. परंतु ते पालटेपर्यंत त्याच्या पहिल्या ग्रंथाने किती वाचकांची मने बनविली, हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे.

त्याच वर्षी आर्थर रेपर या समाजशास्त्रज्ञाचा ‘प्रीफेस टू पीझंट्री’ हा ग्रंथ निघाला. जॉर्जिया राज्यातील ग्रीन आणि मेकन या दोन परगण्यांची ती पाहणी आहे. तेथील शेतीची रीत आपल्याकडील अर्धेलीहून फार वेगळी नव्हती. जमीन, खेचर, बी-बियाणे आणि घर मालकाचे, श्रम कुळाचे, पीक आले की अर्धे-अर्धे वाटून घ्यावयाचे. हे ऐकण्यास सरळ वाटते. परंतु पीक हाती येईपर्यंत कुळाच्या घरात पीठ, डुकराचे मांस, कपडा जो काही येई तो मालकाकडून अथवा त्याच्या ओळखीच्या दुकानातून उधारीने येई, आणि त्या उधारीवर जबर व्याज चढे. वर्षअखेर हिशेब होई तो मालकाच्या वहीतून. वही मालकाची, लेखणी मालकाची, आणि कुळाला वाचता येत नसे. वर्षभर राबून कुळाच्या वाट्याला बहुधा पुढल्या वर्षाचे कर्जच येई. गुलामगिरीचा कायदा रद्द झाला तरी हिशेबाची वही ज्याच्या हाती होती त्याच्याच हाती सत्ता राहिली.

रेपर यांचा त्याआधीचा ग्रंथ याहूनही भीषण आहे. 1933 साली निघालेल्या ‘द ट्रॅजेडी ऑफ लिंचिंग’ या ग्रंथात त्यांनी जमावाने कायदा हाती घेऊन केलेल्या हत्यांची चौकशी केली. 1889 ते 1930 या काळात अमेरिकेत 3,724 माणसे जमावाने ठार मारली. त्यांतील पाचांपैकी चारांहून अधिक कृष्णवर्णीय होती. एकट्या 1930 सालच्या 21 हत्यांचा त्यांनी स्थळी जाऊन शोध घेतला. त्यांतील दोघांवर तर गुन्ह्याचा आरोपही नव्हता आणि आणखी अकरा जणांच्या अपराधाविषयी दाट शंका होती. या हत्यांत हजारो माणसे सामील होती अथवा उभी राहून पाहत होती. आरोप ठेवण्यात आले ते केवळ 49 जणांवर, आणि शिक्षा झाली ती अवघ्या चौघांना. हे आकडे दक्षिणेतील गोऱ्या विद्वानाने, दक्षिणेतील प्रकाशन संस्थेतून जगापुढे मांडले. त्या धैर्याबद्दल लेखक आणि प्रकाशक दोघांनाही श्रेय दिले पाहिजे. मेलेल्यांची मोजदाद करणे हेही न्यायाचे पहिले पाऊल असते. कारण ज्याची मोजदादच होत नाही, त्याच्याविषयी कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही.

परंतु दुसऱ्याने आपल्या दुःखाची नोंद करणे निराळे आणि आपण आपले म्हणणे मांडणे निराळे. हा भेद चॅपेल हिलच्याच एका ग्रंथावरून उघड झाला. ती हकीकत मी सविस्तर सांगतो.

दुसरे महायुद्ध चालू होते. लोकशाहीसाठी लढतो आहोत असे अमेरिका जगाला सांगत होती, आणि तिच्याच सैन्यात कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणी वेगळ्या ठेवल्या जात होत्या. अशा वेळी संस्थेचे संचालक विल्यम टेरी काउच यांना वाटले की कृष्णवर्णीयांना नेमके काय हवे आहे, हे त्यांच्याच विचारवंतांकडून लिहवून घ्यावे. वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाचे इतिहासकार रेफर्ड लोगन यांना त्यांनी संपादन सोपविले. जहाल, मवाळ आणि सनातनी अशा तिन्ही मतांचे लेखक असावेत असे ठरले. लोगन यांनी स्वतःसह चौदा लेखक जमविले. त्यांत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस होते, रेल्वेच्या शयनडब्यांतील सेवकांचा संघ उभारणारे ए. फिलिप रँडॉल्फ होते, शिक्षणतज्ज्ञ मेरी मॅक्लिओड बेथ्यून होत्या, कवी लँग्स्टन ह्यूज होते. हस्तलिखित चॅपेल हिलला पोहोचले आणि काउच चकित झाले. चौदा लेखक अनेक प्रश्नांवर एकमेकांहून भिन्न होते, परंतु एका गोष्टीवर जहाल आणि सनातनी यांच्यात काहीच अंतर नव्हते. वर्णभेदाची पृथक व्यवस्था गेली पाहिजे आणि पूर्ण नागरिकत्व मिळाले पाहिजे, असे सर्वांनीच लिहिले होते.

काउच हे दक्षिणेतील उदारमतवादी म्हणून नावाजलेले गृहस्थ. परंतु त्यांच्या उदारमतवादाची सीमा येथे आली. मागणी त्यांनी स्वतःच विचारली होती. उत्तर आल्यावर ते छापण्याचे त्यांनी टाळले. लोगन यांनी करार पुढे केला आणि न्यायालयात जाण्याची भाषा केली. अखेर 1944 साली ‘व्हॉट द नीग्रो वाँट्स’ म्हणजे ‘नीग्रोला काय हवे’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु कसा? आरंभी प्रकाशकाची एक प्रस्तावना घालून! आतील लेखकांचे मूळ म्हणणे आपणास मान्य नाही, हे प्रकाशकाने ग्रंथाच्या दारातच सांगून टाकले. नीग्रो हा शब्द त्या काळी ते लोक स्वतःही वापरीत. पुढे त्यांनी तो टाकला. परंतु त्या शीर्षकातील प्रश्न आणि त्या प्रस्तावनेतील उत्तर यांत जे अंतर आहे, ते त्या काळच्या दक्षिणेचे अचूक माप आहे.

वाचकांनो, या प्रसंगातून एक बोध घेण्यासारखा आहे. आपला हितचिंतक म्हणविणारा मनुष्य आपल्या दुःखाची वर्णने आनंदाने छापतो. आपण दया मागितली तर तो सभाही भरवितो. परंतु आपण बरोबरी मागितली की तो प्रस्तावना लिहावयास बसतो. म्हणून ग्रंथ वाचताना आधी हे पाहावे की प्रस्तावना कोणाची आहे आणि मजकूर कोणाचा आहे. तथापि या कथेला दुसरी बाजूही आहे. प्रस्तावना विरोधाची असली तरी चौदा लेख अक्षरशः छापले गेले. प्रस्तावना आज केवळ इतिहासाचे अभ्यासक पाहतात. लेखांतील मागणी मात्र पुढे दहा वर्षांनी, 1954 साली, शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात उमटली.

या चौदा लेखकांपैकी डू बॉइस यांच्याशी डॉ. आंबेडकरांचा 1946 साली पत्रव्यवहार झाला होता, हे येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले होते. अस्पृश्यांची आणि कृष्णवर्णीयांची स्थिती यांत पुष्कळ साम्य असल्याचे नमूद करून त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागविल्या. डू बॉइस यांनी त्यांना सहानुभूतीचे उत्तर पाठविले. दोन खंडांतील दोन विद्वान एकमेकांकडून सांत्वन मागत नव्हते, ते कागद मागत होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

कागदांविषयीच आणखी एक हकीकत आहे. जॉन होप फ्रँकलिन हा हार्वर्ड विद्यापीठाचा तरुण संशोधक 1939 साली रॅली येथील राज्याच्या दप्तरखान्यात गेला. गुलामगिरीच्या काळात नॉर्थ कॅरोलायनात जे कृष्णवर्णीय कायद्याने मुक्त होते, त्यांचा इतिहास त्यास लिहावयाचा होता. दप्तरखान्याच्या प्रमुखांनी सांगितले की, ही इमारत बांधताना येथे एखादा कृष्णवर्णीय संशोधक येईल अशी कोणी कल्पनाच केली नव्हती! काही दिवसांनी त्याच्यासाठी एक वेगळी लहान खोली देण्यात आली. गोऱ्या नोकरांनी कृष्णवर्णीयाला कागद आणून द्यावे हे योग्य दिसले नसते, म्हणून दप्तराच्या कोठारांची किल्लीच त्याच्या हाती देण्यात आली. आता गंमत पाहा. वाचनगृहातील गोरे संशोधक तक्रार करू लागले की, या मनुष्याला थेट कोठारात जाता येते आणि आम्हाला मात्र नोकराची वाट पाहावी लागते! तेव्हा त्याची किल्ली काढून घेण्यात आली आणि गोऱ्या नोकरांनीच त्याला कागद आणून देण्यास आरंभ केला. भेदभावाची व्यवस्था स्वतःच्या वजनाने कशी वाकडी होते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

त्या कागदांतून फ्रँकलिन यांचा ‘द फ्री नीग्रो इन नॉर्थ कॅरोलायना’ हा ग्रंथ तयार झाला आणि 1943 साली चॅपेल हिलच्याच संस्थेने तो छापला. 1860 साली त्या राज्यात 30,463 मुक्त कृष्णवर्णीय राहत होते. ते गुलाम नव्हते, पण नागरिकही नव्हते. 1835 पर्यंत त्यांतील पुरुषांना मत होते. त्या वर्षी राज्यघटनेत दुरुस्ती करून ते काढून घेण्यात आले. त्यांच्यात शिक्षक, शेतकरी, सुतार, लोहार होते. जॉन चॅव्हिस हा त्यांतील एक विद्वान धर्मोपदेशक. तो दिवसा गोऱ्यांच्या मुलांना आणि सायंकाळी कृष्णवर्णीय मुलांना शिकवी. 1831 साली शेजारच्या व्हर्जिनियात नॅट टर्नर याच्या नेतृत्वाखाली गुलामांचे बंड झाले, आणि त्यानंतर कृष्णवर्णीयांनी प्रवचन करण्यावर बंदी आली. चॅव्हिसचे व्यासपीठ गेले. कॅसवेल परगण्यातील मिल्टन गावचा थॉमस डे हा उत्कृष्ट लाकडी सामान करणारा कारागीर. गोऱ्या धनिकांच्या घरांत त्याच्या हातची कपाटे आणि पलंग असत. परंतु त्याची पत्नी व्हर्जिनियाची. परराज्यातील मुक्त कृष्णवर्णीयाने नॉर्थ कॅरोलायनात राहावयास येऊ नये असा कायदा होता. पत्नीला घरी आणण्यासाठी त्याला विधिमंडळाकडून खास मंजुरी मिळवावी लागली, आणि ती मिळावी म्हणून 1830 साली गावच्या गोऱ्या नागरिकांनी अर्ज केला. त्याचे कौशल्य त्यांना हवे होते. त्याचा हक्क त्यांना मान्य होता असे मात्र त्या अर्जावरून म्हणता येत नाही. कृपेने मिळालेली सवलत आणि हक्काने मिळालेली गोष्ट यांतील फरक येथे स्पष्ट दिसतो. सवलत एका माणसापुरती असते, आणि ती देणाराच परत घेऊ शकतो.

1944 साली याच संस्थेने एरिक विल्यम्स यांचा ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ हा ग्रंथ छापला. विल्यम्स हे त्रिनिदाद बेटावरचे कृष्णवर्णीय इतिहासकार. वर्णद्वेषातून गुलामगिरी जन्मली असे लोक समजत होते. विल्यम्स यांनी हा क्रम उलटा करून दाखविला. स्वस्त श्रमाची गरज आधी, आणि त्या लुटीचे समर्थन करण्यासाठी वर्णाचे तत्त्वज्ञान नंतर! इंग्लंडच्या उद्योगधंद्यांच्या भरभराटीत गुलामांच्या व्यापाराच्या नफ्याचा वाटा किती, हेही त्यांनी मांडले. विद्वानांत या ग्रंथावर आजही वाद चालतात. हेच विल्यम्स 1962 साली स्वतंत्र त्रिनिदाद आणि टोबॅगोचे पहिले पंतप्रधान झाले.

आता मी शाळांच्या विषयाकडे येतो. कारण येथे बसलेल्या प्रत्येक कुटुंबाला त्याचे मोल ठाऊक आहे.

जेम्स अँडरसन यांचा ‘द एज्युकेशन ऑफ ब्लॅक्स इन द साउथ’ हा ग्रंथ चॅपेल हिलहून 1988 साली निघाला. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना शिक्षण कोणी दिले, या प्रश्नाचे रूढ उत्तर असे होते की, उत्तरेकडील मिशनरी आणि धनाढ्य दानशूर यांनी. अँडरसन यांनी कागद तपासले आणि वेगळे सत्य मांडले. बाहेरच्या शिक्षकांची वाट न पाहता मुक्त झालेल्या लोकांनी ठिकठिकाणी स्वतःच शाळा काढल्या होत्या. हेदर विल्यम्स यांच्या 2005 सालच्या ‘सेल्फ-टॉट’ या ग्रंथात तर गुलामगिरी असतानाच चोरून अक्षरे शिकलेल्या स्त्री-पुरुषांची हकीकत आहे.

अँडरसन यांच्या ग्रंथातील एक हिशेब मी आपणास मुद्दाम सांगतो. शिकागोचे धनिक व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या निधीच्या साहाय्याने 1932 पर्यंत दक्षिणेच्या पंधरा राज्यांत 4,977 ग्रामीण शाळा बांधल्या गेल्या. सर्वांत अधिक शाळा नॉर्थ कॅरोलायनात झाल्या. या शाळा रोझेनवाल्ड शाळा म्हणूनच ओळखल्या जातात. एकूण खर्च सुमारे 2 कोटी 84 लक्ष डॉलर. त्यांत रोझेनवाल्ड निधीचा वाटा शेकडा 15.36. गोऱ्या नागरिकांच्या देणग्या शेकडा 4.27. सरकारी करांतून आलेला पैसा शेकडा 63.73. आणि गरीब, बहुतेक अर्धेलीने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या खिशातून दिलेला वाटा शेकडा 16.64! म्हणजे ज्याचे नाव शाळेला लागले त्या धनिकाहून अधिक पैसा त्या लोकांनी दिला ज्यांची मुले त्यांत शिकणार होती. कोणी कापसाचा एक पट्टा शाळेसाठी राखून ठेवला, कोणी कोंबड्या विकल्या, कोणी जमीन दिली, कोणी लाकूड तोडून आणले. कर तर ते इतरांप्रमाणे भरतच होते. त्या करांचा पैसा गोऱ्यांच्या शाळांकडे वळविला जाई, आणि मग आपल्या शाळेसाठी त्यांना पुन्हा पैसा उभा करावा लागे. अँडरसन यांनी याला दुहेरी कर म्हटले आहे. ते शब्दशः खरे आहे.

अशा रीतीने उभ्या केलेल्या शाळांवर त्या समाजाचा किती जीव होता, हे दोन परगण्यांच्या इतिहासांवरून दिसते. व्हेनेसा सिडल वॉकर यांनी 1996 साली कॅसवेल परगण्यातील, म्हणजे थॉमस डे याच्याच परगण्यातील, कृष्णवर्णीयांच्या एका शाळेचा इतिहास लिहिला. इमारत, पुस्तके, वाहन यांत सरकारने या शाळेला नेहमी मागे ठेवले. परंतु शिक्षक मुलांच्या घरी जात, पालक शाळेत येत, आणि कोणताही मुलगा निरुपयोगी आहे असे तेथे मानले जात नसे. डेव्हिड सेसेल्स्की यांनी 1994 साली समुद्रकाठच्या हाइड परगण्याची हकीकत लिहिली. न्यायालयाचा निकाल अमलात आणण्याच्या नावाखाली अधिकाऱ्यांनी कृष्णवर्णीयांच्या दोन्ही शाळा बंद करून मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पाठविण्याचे ठरविले. 1968-69 चे संपूर्ण शैक्षणिक वर्ष तेथील कृष्णवर्णीय पालकांनी मुलांना सरकारी शाळेत पाठविले नाही. मुले चर्चमध्ये शिकली. लोकांनी राजधानीपर्यंत पायी मोर्चे नेले. त्यांना पृथक शाळा हव्या होत्या काय? मुळीच नाही. त्यांचे म्हणणे इतकेच होते की, एकत्र येणे म्हणजे आमचे तेवढे पुसून टाकणे नव्हे. आमच्या बापजाद्यांनी बांधलेल्या शाळेत गोऱ्यांच्या मुलांनीही यावे! अखेर दोन्ही शाळा वाचल्या.

भगिनींसाठी म्हणून मी आणखी एका ग्रंथाचा उल्लेख करतो. बार्बरा रॅन्सबी यांनी 2003 साली एला बेकर यांचे चरित्र याच संस्थेतून प्रसिद्ध केले. एला बेकर नॉर्थ कॅरोलायनात लहानाच्या मोठ्या झाल्या, आणि रॅली येथील शॉ विद्यापीठातून 1927 साली पदवी घेऊन बाहेर पडल्या. दक्षिणेच्या गावोगावी एकटीने फिरून त्यांनी नागरी हक्कांच्या संघटनेच्या शाखा बांधल्या. 1960 साली ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले आणि ही चळवळ सर्वत्र पसरली, तेव्हा त्या विद्यार्थ्यांची पहिली परिषद एला बेकर यांनीच शॉ विद्यापीठात भरविली. विद्यार्थ्यांनी मोठ्या नेत्यांच्या संघटनेत विलीन न होता आपली स्वतंत्र संघटना ठेवावी, असा सल्ला त्यांनी दिला. साऱ्यांनी एका पुढाऱ्याकडे पाहत बसण्यापेक्षा प्रत्येक गावातील सामान्य माणूस स्वतः विचार करू लागला पाहिजे, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते. छायाचित्रांत त्या क्वचित दिसतात. त्यांच्या कार्याची नोंद ग्रंथात झाली नसती तर ती पुढल्या पिढीला कळली नसती.

आज चॅपेल हिलच्या त्या संस्थेतून कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर आणि संस्कृतीवर एक ग्रंथमाला निघते. तिला जॉन होप फ्रँकलिन यांचे नाव आहे. ज्या राज्याच्या दप्तरखान्यात त्यांना बसावयास जागा नव्हती, त्याच राज्यातील विद्यापीठाच्या ग्रंथांवर त्यांचे नाव छापले जाते. हा बदल कोणाच्या औदार्याने झाला असे मी मानीत नाही. न्यायालयात लढणारे वकील, मोर्चात चालणारी मुले, कोंबड्या विकून शाळा बांधणारी माणसे आणि वेगळ्या खोलीत बसूनही कागद सोडून न जाणारा संशोधक या सर्वांनी मिळून तो घडविला.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या वस्तीतील पहिली शाळा कोणी काढली, वसतिगृहासाठी कोणी किती आणे दिले, पहिली मुलगी मॅट्रिक झाली ती कोणाची, या गोष्टी आज वृद्धांच्या स्मरणात आहेत. त्यांच्याबरोबर त्या जातील. जुन्या वर्गणीच्या वह्या, सभांची निमंत्रणे, शाळेचे दाखले, पत्रे रद्दीत घालू नका. एक वही घ्या. घरातील आजीला, आजोबांना विचारा. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, खाली गावाचे नाव आणि साल टाका. कोणा हितचिंतकाच्या प्रस्तावनेची वाट पाहू नका. जॉर्जियाच्या कुळाला वर्षअखेर कर्जच मिळे, कारण हिशेबाची वही त्याच्या हाती नव्हती. आपली वही आपल्या हाती असावी, इतकेच सांगून मी आपली रजा घेतो.